राहिली

“राहिली ओ ताई. आपोआप राहिली.”

श्रावणातला सोमवार होता. बाहेर भुरभुर चालू होती, स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली होती आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तव्यावरची पोळी उलटत होत्या. मी विचारलं होतं, “दाढ कशी आहे आज?” त्यावर हे उत्तर आलं. त्याआधीचे तीन आठवडे त्या मधेच लाटणं सोडायच्या आणि पदराचा बोळा गालावर दाबून ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. कळ ओसरली की पुन्हा पोळी. पदराच्या टोकाला दोन-चार लवंगा बांधलेल्या असायच्या. मी माझ्या ड्रॉवरमधली दुखण्यावरची गोळी त्यांना दोनदा दिली, तिसऱ्यांदा अख्खी पट्टीच दिली. “डॉक्टरांना दाखवा हं मावशी,” असंही म्हणाले, आपण चपला घालता घालता म्हणतो तसं. आणि त्या सोमवारी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. “रात्री झोप लागली बघा चार दिसांनी,” त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही वाटलं, कारण आता दवाखान्याचं मला काही बघावं लागणार नव्हतं.

त्यानंतर बावीस दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला.

तेव्हापासून तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या आजोळी, भोरकडे, तो रोजच्या बोलण्यातला. आजी विचारायची, “पोट दुखायचं राहिलं का गं?” रडणारं पोर रडायचं राहायचं, पाऊस पडायचा राहायचा, उचकी लागायची राहायची. राहणं म्हणजे थांबणं. इथे शहरात आपण दिवसभर तोच शब्द दुसरीकडे वळवून वापरतो. बिल भरायचं राहिलं, फोन करायचा राहिला, डॉक्टरांकडे जायचं राहिलं. म्हणजे व्हायला हवं होतं ते झालंच नाही, मागे उरलं. मावशी पहिल्या अर्थाने बोलल्या आणि मीही तोच अर्थ ऐकला. त्यांची दाढ दुखायची राहिली होती आणि दाखवायचीही राहिली होती.

गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी फोन आला. “ताई, आईचं तोंड उघडंना झालंय. थुंकीपण गिळता येईना.” पर्वतीच्या पायथ्याशी त्यांची खोली आहे. मी रिक्षाने पोचले तेव्हा त्या खाटेवर ताठ बसलेल्या होत्या. आडवं झालं की गुदमरत होतं. गाल सुजलेला असेल अशी माझी कल्पना होती, पण सूज गालाच्या खाली, हनुवटीखाली होती, दोन्ही बाजूंना पसरलेली. मी हात लावला तर मऊ काही लागलं नाही. लाकडी पाटाला हात लावावा तसं कडक. त्या बोलल्या तेव्हा आवाज ओळखू येईना, तोंडात गरम बटाट्याचा घास धरून बोलावं तसा येत होता. जीभ वर उचललेली. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरने टॉर्च मारला, एकदा मानेला हात लावला आणि पुढचं सगळं फार भराभर झालं. रात्रीच जबड्याखाली छेद देऊन पू काढला, नळी ठेवली, दाढही काढली. दोन दिवस अतिदक्षता विभाग, नंतर सात दिवस वॉर्ड. रक्त तपासलं तेव्हा साखर वाढलेली निघाली, तीही इतके दिवस कोणाला माहीत नव्हती. मधुमेह असला की असे जंतू आणखी फोफावतात, आणि शरीरात असा पू असला की साखरही आटोक्यात येत नाही. या सुजेला लुडविग्ज अँजायना म्हणतात, १८३६ साली तिचं वर्णन करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या नावावरून. अँटिबायोटिक्स येण्याआधी ही सूज आलेली निम्म्याहून जास्त माणसं श्वास कोंडून दगावत. हे मला त्या तरुण डॉक्टरने पहाटे कॉरिडॉरमध्ये सांगितलं, आणि मला एवढंच सुचलं, “पण दाढ तर थांबली होती हो दुखायची.” तो दमलेला होता. “हो, तसंच होतं,” म्हणाला आणि गेला.

मावशी वॉर्डात असतानाच मी माझ्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. दात दाखवायला नव्हते गेले, विचारायला गेले होते. त्यांनी चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि पेनाने दाढ काढली. वरचं कवच, शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट, हाडाहूनही कठीण. त्यात नस नाही, म्हणून कीड तिथे असेपर्यंत काही कळत नाही. त्याच्या आत पिवळसर, थोडा मऊ थर. कीड तिथवर पोचली की गार आणि गोड झणझणायला लागतं. आणि मधोमध एक इवलीशी खोली, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या, आणि मुळांच्या टोकांशी बारीक वाटा. “काकू, बोटाला काटा लागला तर बोट सुजतं ना? त्याला सुजायला जागा असते. या खोलीच्या भिंती हलत नाहीत. आत सूज आली की सगळा दाब नसेवर.” म्हणून तो ठणका. म्हणूनच आडवं झालं की ठणका वाढतो, डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, आणि माणूस रात्री दोन वाजता भिंतीला टेकून बसतो. हे असंच चालू राहिलं की एक दिवस ती नस मरते. डॉक्टरांनी त्या खोलीत आडव्या रेघा मारून ती काळी केली. “मग दुखायचं थांबतं. पेशंटला वाटतं बरं झालं, तो येतच नाही. जंतू मात्र आत मुक्कामाला असतात आणि या खालच्या वाटांनी हाडात उतरतात.”

म्हणजे त्या सोमवारी आम्ही दोघींनी ज्याला बरं होणं म्हटलं, ती एक नस मेली होती.

नारायण पेठेत आमच्या जुन्या घरासमोर एक वाडा होता. भाऊबंदकीत अडकलेला, माझ्या लहानपणापासून कुलूपबंद. बाहेरून दगडी जोतं, दरवाज्यावरच्या पितळी फुल्या, सगळं शाबूत. आत मात्र पिंपळ उगवलेला, आणि रात्री तिथल्या घुशी आजूबाजूच्या घरांत यायच्या. महापालिकेची फवारणीची गाडी गल्लीतून धूर सोडत जायची, तो धूर कुलपापर्यंत पोचायचा आणि थांबायचा. डॉक्टर अँटिबायोटिकबद्दल सांगत होत्या तेव्हा मला तो वाडाच दिसत होता. औषध रक्तातून जातं. नस मेली की दाढेच्या आत रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? आजूबाजूची सूज उतरते, ताप जातो, पाच दिवसांत माणूस हिंडायला लागतो आणि कुलूप जिथल्या तिथे राहतं. सूज पसरत असेल, ताप असेल तर त्या गोळ्या हव्यातच, पण त्यांनी दाढ बरी होत नाही. ती खोली उघडून साफ करावी लागते, म्हणजे रूट कॅनल, नाहीतर दाढ काढावी लागते. मावशींनी शेवटचे दोन दिवस मेडिकलच्या दुकानातून नुसतं “दाढेवरची द्या” म्हणून आणलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. कोणी शेकायला सांगितलं म्हणून विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून बाहेरून शेकही दिला होता. अशा सुजेला बाहेरून शेक देऊ नये, हेही मला त्या दिवशी कळलं.

मधल्या बावीस दिवसांत एक खूण दिसली होती. मावशींनी ती मला नंतर वॉर्डात सांगितली, अगदी सहज. त्या दाढेखाली हिरडीवर मुगाएवढी पुटकुळी यायची, दोन-तीन दिवसांनी फुटायची, तोंडाला खारट चव यायची आणि पुन्हा सगळं शांत. “उष्णतेनं आलं असंल म्हणून सब्जा घेतला भिजवून.” तो पू होता. त्याला बाहेर यायला वाट सापडली होती म्हणून दुखत नव्हतं. ती वाट बुजली तेव्हा तो खाली, जिभेच्या तळाकडे वळला. आपल्याकडे तोंडात काहीही आलं की उष्णता. माझी आईसुद्धा गुलकंदाची बरणी पुढे करायची. मी मावशींना काय म्हणणार?

आणि कीड हा शब्द. आजोळी माझ्या मावसभावाच्या दाढेला कीड लागली तेव्हा वाडीवरून एक म्हातारी बाई बोलावली होती. मी सात-आठ वर्षांची असेन. तिने भुईरिंगणीच्या वाळक्या पिवळ्या फळांतल्या बिया काढल्या, निखाऱ्यावर टाकल्या, त्यावर तेलाचा थेंब सोडला आणि भोक पाडलेली करवंटी उपडी ठेवली. भोकातून येणारा धूर भाऊ नळीने तोंडात घेत होता. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, खाली पाण्याची परात. त्या परातीत पांढरे धाग्यासारखे तुकडे तरंगताना दिसले आणि घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. किडे पडले. मी त्यानंतर दोन रात्री जिभेने माझे दात चाचपत जागी होते, आपल्यात किती असतील म्हणून. दाताच्या आत राहणारा असा किडा नसतोच. फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची समजूत खोडून काढली. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने मांडलं की तोंडातले जंतू उरलेल्या गोडावर, पिठावर जगतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल दात विरघळवतं. पण भाषेत किडा बसला तो बसलाच. किडा म्हटलं की वाटतं तो बाहेरून येतो, एखाद्या दाताला लागतो, आणि एकदा काढला की गेला. प्रत्यक्षात तो आपल्याच दातांवरचा बुळबुळीत थर असतो, सकाळी उठल्यावर जिभेला लागतो तोच, आणि त्याला रोज आपणच खाऊ घालतो.

त्याच आजोळी आजी मिश्री लावायची. तंबाखू खापरीवर काळी होईपर्यंत भाजायची, मग दगडावर बारीक वाटायची. तो खमंग, घशात बसणारा वास मला अजून आठवतो, आणि त्या वासाबरोबर आजीची मांडी. दात घासायला म्हणून सुरू झालेली मिश्री दिवसातून पाच-सहा वेळा व्हायची. दात ठणकला की मिश्री, जेवण झालं की मिश्री. तिने ठणका तेवढा बधिर व्हायचा आणि तिच्यावाचून चैन पडेनासं व्हायचं. साठीला आजीच्या तोंडात चार दात उरले होते. मावशींच्या आईनेही तेच केलेलं. मावशी मात्र कधी मिश्रीच्या वाटेला गेल्या नाहीत, याचा त्यांना अभिमान आहे. “मी बाई पेस्टच वापरते, पैल्यापासून.”

मग त्यांच्याच दाढेचं असं का झालं, याचा हिशोब मी डॉक्टरांसमोर बसून मांडला. मावशी पाच घरी कामाला जातात. सकाळी सातला घरून निघताना चहा. पहिल्या घरी आठला चहा, पाव किंवा बिस्किट. दुसऱ्या घरी काम झाल्यावर चहा. माझ्याकडे अकराला चहा, तोही मी मुद्दाम चांगला करते, आलं घालून, साखर दोन चमचे, कारण त्यांना गोड लागतो. दुपारी एक, संध्याकाळी दोन. उपासाच्या दिवशी तर चहावरच दिवस. डॉक्टर म्हणाल्या, प्रत्येक गोड घोटानंतर दातांवर आम्ल तयार होतं, आणि लाळेला ते धुऊन काढून कवच सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. लाळ हे काम मुकाट करत असते. कवचातून निसटलेले क्षार ती पुन्हा जागेवर बसवते, अगदी सुरुवातीचा पांढरा डागसुद्धा भरून काढू शकते. पण तिला मधे वेळ मिळायला हवा. एका वेळेला दोन लाडू खाणाऱ्यापेक्षा एक लाडू दिवसभर चिमटीचिमटीने खाणाऱ्याचे दात आधी जातात. मावशींच्या लाळेला दिवसात तेवढी उसंतच नव्हती. आणि रात्री त्या नऊला घरी पोचतात, भाकऱ्या थापतात, भांडी घासतात आणि आहे तिथे पडतात. रात्री दात कोण घासणार? नेमकी रात्रीच लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं आणि शेवटच्या घासाचं जे काही दातांत राहिलं असेल त्यावर जंतूंना सहा तास मोकळे मिळतात. सकाळच्या घासण्यापेक्षा रात्रीचं घासणं महत्त्वाचं, हे मी आयुष्यभर ऐकलं होतं, पण एका बाईचा दिवस समोर मांडून कधी बघितलं नव्हतं.

सातांतला एक चहा माझ्या हातचा होता. तो मी प्रेमानेच दिला होता. या गोष्टीचं काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दुसरं एक गणित पैशाचं. कीड कवचात किंवा जराशी आत असते तेव्हा ती कोरून सिमेंट भरायला अर्धा तास आणि काहीशे रुपये पुरतात. नसेपर्यंत गेली की रूट कॅनल आणि वर कॅप, म्हणजे मावशींचा दोन-तीन घरांचा महिन्याचा पगार. त्यानंतर काय, ते आम्ही नऊ दिवस बघितलं. धनकवडीच्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी खर्च कमी पडतो, पण तिथे सकाळी नंबर लावायचा म्हणजे पाच घरी खाडा. एका घरी खाड्याचे पैसे कापतात. मी कापत नाही, पण हे मी मावशींना कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, त्यांनी आपलं धरूनच ठेवलं होतं की ताईंकडेही कापतील. शिवाय शेजारणीने भीती घातलेली, दाढ काढली की डोळा अधू होतो. डोळ्याने दिसतं ती नस वेगळी आणि दाताची नस वेगळी, दाढ काढल्याने नजर जात नाही. हे सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती, पण मी कधी विचारलंच नाही की तुम्ही जात का नाही.

त्या दिवशी उठताना डॉक्टर म्हणाल्या, “आल्याच आहात तर तुमचे बघू का? दोन वर्षं झाली.” मी खुर्चीवर बसले. माझं काही दुखत नव्हतं. त्यांनी छोट्या आरशाच्या दांड्याने एकेक दात टकटक वाजवला. वरच्या डाव्या बाजूची, सुळ्यामागची दुसरी दाढ वाजवली तेव्हा दुखलं असं नाही, पण आवाज आतून वेगळा आला, पोकळ म्हणावा तसा. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारला आणि तो आधी शेजारच्या दाताला लावला. मी दचकले, इतकं झणझणलं. मग त्या दाढेला लावला. “गार लागतंय?” काहीतरी टेकलंय एवढं कळत होतं. मी वाट पाहिली. खिडकीतून टिळक रोडचे हॉर्न ऐकू येत होते, ट्यूबलाइटचा घूं आवाज येत होता, आणि माझ्याच शरीराचा एक तुकडा बर्फासारखा बोळा लावूनही गप्प होता. एक्स-रे स्क्रीनवर आला. मुळाच्या टोकाशी गोल, गडद सावली, मसुराच्या दाण्याएवढी. तिथलं हाड खाल्लं गेलं होतं.

मला आठवलं. आठ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, दहावीचे पेपर तपासायला घरी आलेले गठ्ठे आणि ही दाढ. चार रात्री बसून काढल्या. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, चौथ्या दिवशी कमी झालं, पाचव्या दिवशी थांबलं. मी शिकलेली, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मीही घरी सांगितलं होतं, “थांबलं बाई एकदाचं.” मावशींचं तीन आठवड्यांत जिथवर गेलं तिथवर माझं आठ वर्षांत गेलं नाही, त्यात माझी काही हुशारी नाही. माझी साखर ठीक होती, जंतूंनी धीर धरला होता, एवढंच.

दोन खेपांत माझं रूट कॅनल झालं. दाढेभोवती हिरव्या रबराचा चौकोनी पडदा ताणला, लाळ आत जाऊ नये म्हणून. वरून भोक पाडून ती खोली उघडली त्या क्षणी मला एक वास आला. फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर येतो तसा. आठ वर्षं तो माझ्या तोंडात, नाकाखाली दोन बोटांवर होता आणि मला माहीत नव्हता. मग केसासारख्या बारीक सुया, एकीपेक्षा दुसरी थोडी जाड, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि मधे मधे पिचकारीने औषधाचं पाणी. त्या पाण्याचा वास मी लगेच ओळखला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला जायचो त्या टिळक टँकचा वास, क्लोरिनचा. शेवटी एका झाडाच्या चिकापासून होणारे गटापर्चाचे गुलाबी निमुळते धागे त्या वाटांमध्ये ठासून भरले आणि तोंड बंद केलं. दुखलं नाही. लोक रूट कॅनलला घाबरतात ते खरं तर त्याआधीच्या रात्रींना घाबरायला हवं. हाड भरून यायला काही महिने जातील, वर्षाने पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

घरी आता टूथपेस्टच्या खोक्यावरची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचते. दातांचं कवच सावरायला मदत करणारं फ्लोराइड आहे का, आणि हजार पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या आसपास आहे का. आमच्याकडे वर्षानुवर्षं जी ‘नैसर्गिक’ पेस्ट येत होती तिच्यात ते नव्हतंच. फ्लोराइडची टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नुसतं थुंकायचं, म्हणजे ते दातांवर थोडा वेळ टिकतं. या एका गोष्टीची मला अजून सवय होत नाही. हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो.

मावशी दसऱ्यानंतर कामावर आल्या. हनुवटीखाली दोन इंचांचा व्रण, अजून लालसर. तोंड दोन बोटांएवढंच उघडत होतं, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम दिलेला. रोज एक पट्टी वाढवायची. पोळ्या करता करता त्या पट्ट्या धरायच्या आणि मला बोटांनी आकडा दाखवायच्या, आज नऊ, आज दहा. चहा आम्ही दोघीही आता बिनसाखरेचा पितो. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड वाकडं केलं, मीही केलं. त्यांनी मला एकदा विचारलं, “ताई, तवाच गेली असती तर?” मी म्हणाले, “मीच न्यायला हवं होतं तुम्हाला.” त्या काही बोलल्या नाहीत. तव्यावरची पोळी फुगली, ती त्यांनी उतरवली, तूप लावलं आणि माझ्या पानात वाढली.

दिवाळीच्या सुट्टीत त्या नातीला घेऊन आल्या. दुसरीत आहे, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून ती गूळपोळी खात होती. मी म्हटलं, “बघू गं तुझं तोंड.” मोबाइलचा टॉर्च लावला. दुधाच्या दाढा संपतात त्याच्या मागे, अगदी आत, एक मोठी दाढ आलेली होती, पांढरीशुभ्र, तिच्या माथ्यावर पाकळ्यांसारख्या खोल घळी. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ येते, आणि तिला जागा करून द्यायला दुधाचा कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळतच नाही की नवीन काही आलंय. बघितलं तरी वाटतं दुधाचीच आहे, पडेल. ती पडत नाही. जन्मभर ती एकच असते. मावशींची काढावी लागली ती हीच, याच जागेवरची. मी टॉर्च थोडा तिरका केला. एका घळीत सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता.

“दुखतं का गं?”

तिने मान हलवली. नाही.

मावशी हात पुसत आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिल्या. बराच वेळ बघितलं. मग कमरेचा मोबाइल काढला आणि बाल्कनीत जाऊन पहिल्या घरी फोन लावला. “वहिनी, उद्या खाडा आहे माझा.” मग दुसऱ्या घरी.